पायथॉन वेब ॲप्लिकेशनचे क्लाउड होस्टिंग : निवड व उभारणीचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : संग्रामपूर, जि. बुलडाणा)

बीजशब्द : पायथॉन, क्लाउड, होस्टिंग, मुक्तस्रोत, ग्रामीण संगणकीकरण, वऱ्हाड

प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर हा सातपुड्याच्या पायथ्याचा तालुका होय. उत्तरेस अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, मध्ये कापूस आणि सोयाबीन, सोनाळा-टुनकीच्या बाजूला संत्र्याच्या बागा, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. रेल्वेसाठी येथील माणसाला शेगाव गाठावे लागते. अशा तालुक्याचा क्लाउड होस्टिंगशी काय संबंध, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडू शकतो. परंतु आज येथील शेतकऱ्याचा सातबारा, पीक विम्याचा अर्ज, विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीची नोंद आणि ग्रामपंचायतीचा जमाखर्च हे सारे तालुक्याबाहेरच्या, बहुधा शेकडो कोस दूरच्या संगणकावर साठवलेले असते. शिवाय अभियांत्रिकी व संगणकशास्त्र शिकलेली तालुक्यातील मुले पायथॉन या भाषेत लहानमोठी ॲप्लिकेशन तयार करू लागली आहेत. कृषी सेवा केंद्राची उधारी, शेतकरी उत्पादक कंपनीची माल खरेदी, वाचनालयाची देवघेव असे त्यांचे विषय असतात. ॲप्लिकेशन लिहून होते आणि मग ते ठेवायचे कोठे, हा प्रश्न उभा राहतो.

ज्या संगणकावर ॲप्लिकेशन अहोरात्र चालते आणि जेथून ते सर्वांना उपलब्ध होते, त्या संगणकाची व्यवस्था म्हणजे होस्टिंग. हा संगणक दुसऱ्याच्या मालकीचा असून त्याचा हवा तेवढा भाग, हवा तेवढा काळ भाड्याने घेता येतो, तेव्हा त्यास क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे असले तरी व्यवहार भाड्याच्या खोलीचा आहे. त्यामुळे खोली कोणती घ्यावी या प्रश्नाइतकाच, वेळ आली तर बिऱ्हाड हलवता येईल काय, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. पायथॉनच्या होस्टिंगचा इतिहास पाहिला असता तो बऱ्याच अंशी या दुसऱ्या प्रश्नाचाच इतिहास असल्याचे दिसून येते. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेण्यात आला आहे.

तार, केबल आणि वऱ्हाड

दूरच्या यंत्रणेवर अवलंबून राहणे वऱ्हाडाला नवीन नाही. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावला जोडणाऱ्या रेल्वे शाखेचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने एडन व सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. खामगावच्या बाजारातील कापसाचा भाव लिव्हरपूलच्या भावाशी जोडला गेला तो या दोन मार्गांनी. शेतकऱ्याच्या हाती ना रेल्वे होती ना तार; पण दोहोंचा परिणाम त्याच्या पदरात पडत होता.

सुमारे सव्वाशे वर्षांनी आलेले आंतरजालही मुंबईच्याच किनाऱ्यावरून आले. १९८६ पासून सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा, म्हणजेच एनसीएसटीचा, आणि तिचे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचा मोठा वाटा होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. १९९७ मध्ये फ्लॅग ही प्रकाशतंतूंची सागरी केबल मुंबईस पोहोचली. मात्र या काळात भारतीय संकेतस्थळे बहुतांशी अमेरिकेतील सर्व्हरवर ठेवली जात. तेथे जागा स्वस्त होती आणि वीज अखंड होती. दोन भारतीय ग्राहकांमधील वाहतूकही पुष्कळदा परदेशातून वळसा घालून येई. हा वळसा टाळण्यासाठी २००३ मध्ये निक्सी या राष्ट्रीय आंतरजाल विनिमय केंद्राची स्थापना करावी लागली. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारतातील आंतरजालाचा वेग एकाएकी खालावला. अलेक्झांड्रियाच्या समुद्रात काही तुटले म्हणून मुंबई-पुण्याची कार्यालये खोळंबावीत, ही गोष्ट तेव्हा अनेकांना नव्याने कळली.

पायथॉनची विशिष्ट अडचण

गिडो व्हॅन रॉसम यांनी नेदरलँड्समधील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या संस्थेत असताना पायथॉन तयार केली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती प्रथम प्रसृत झाली. ही भाषा वाचण्यास सोपी असली तरी वेबसाठी ती होस्ट करणे मात्र दीर्घकाळ सोपे नव्हते. सुरुवातीच्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी संपूर्ण पायथॉन नव्याने सुरू करून पुन्हा बंद करावी लागे. पाहुणा आला की चूल पेटवायची आणि तो गेला की विझवायची, असाच हा प्रकार होता. त्याच काळात पीएचपी ही भाषा महिना काही रुपयांच्या सामायिक होस्टिंगवर विनासायास चालत असे. फाइल चढवली की काम झाले. भारतातील लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे त्या दशकात पीएचपीकडे वळली, याचे एक कारण भाषेच्या गुणावगुणांपेक्षा या सोयीत शोधावे लागते.

पायथॉनमध्ये दुसरीही गैरसोय होती. प्रत्येक फ्रेमवर्कची सर्व्हरशी बोलण्याची रीत वेगळी. एका सर्व्हरसाठी लिहिलेले ॲप्लिकेशन दुसऱ्यावर नेताना डागडुजी करावी लागे. डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी ‘डब्ल्यूएसजीआय’ हा संकेत मांडला. सर्व्हरने ॲप्लिकेशनला काय द्यावे आणि ॲप्लिकेशनने काय परत करावे, एवढेच त्यात ठरवले होते. कागदावर हा संकेत अगदी किरकोळ वाटतो. पण पुढील वीस वर्षांत पायथॉनचे ॲप्लिकेशन एका यजमानाकडून दुसऱ्याकडे नेणे शक्य झाले, त्याचा पाया येथे घातला गेला, असे म्हणावे लागेल.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कार्यालयात २००३ पासून आकार घेत असलेले जँगो हे फ्रेमवर्क जुलै २००५ मध्ये मुक्तस्रोत झाले. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे त्याचे मूळ कर्ते. बातमीच्या मुदतीत काम उरकण्याच्या गरजेतून ते जन्मले होते. त्या जन्मस्थानाची एक खूण अद्याप त्यात शिल्लक आहे : स्वतंत्रपणे काही सांगितले नाही तर जँगो शिकागोची वेळ गृहीत धरते. २०१० मध्ये फ्लास्क हे अधिक आटोपशीर फ्रेमवर्क आले. त्याच सुमारास गुनिकॉर्न हा डब्ल्यूएसजीआय सर्व्हर आला. आजही जँगो किंवा फ्लास्कची असंख्य ॲप्लिकेशन गुनिकॉर्नवर चालतात.

मोफत खोल्यांचा काळ

ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ‘ईसी२’ ही तासाच्या भाड्याने संगणक देणारी सेवा चाचणी स्वरूपात सुरू केली. लहानात लहान संगणकाचे भाडे तासाला दहा सेंट होते. महिनाभर चालू ठेवल्यास ७२ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने तीन हजार रुपयांहून अधिक. तालुक्याच्या ठिकाणच्या व्यावसायिकाला ही रक्कम परवडणारी नव्हती. तसेच रिकामा संगणक हाती आला तरी त्यावर लिनक्स, डेटाबेस, सर्व्हर हे सारे स्वतःच बसवावे लागे.

एप्रिल २००८ मध्ये गूगलने ॲप इंजिन आणले. सुरुवातीस त्यावर पायथॉन ही एकच भाषा चालत असे आणि स्वतः व्हॅन रॉसम तेव्हा गूगलच्या सेवेत होते. ५०० मेगाबाइट साठवण मोफत होती. सर्व्हर बसवणे नको, दुरुस्ती नको. एक आज्ञा दिली की ॲप्लिकेशन जगभर उपलब्ध. पायथॉनच्या विद्यार्थ्यांसाठी ही पर्वणीच होती. परंतु येथे नोंदी ठेवण्यासाठी नेहमीचा डेटाबेस नव्हता, गूगलचा स्वतःचा साठा होता आणि त्यासाठी ॲप्लिकेशन वेगळ्या धाटणीने लिहावे लागे. २०११ मध्ये दराची पद्धत बदलली तेव्हा अनेकांना बाहेर पडावेसे वाटले. त्यांना तोपर्यंतचे लेखन बऱ्याच प्रमाणात पुन्हा करावे लागले. खोली मोफत होती, पण भिंतीत ठोकलेले कपाट सोबत नेता येत नव्हते.

हेरोकू या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये पायथॉनला आपले दार उघडले. तिची व्यवस्था अधिक मोकळी होती. नेहमीचा पोस्टग्रेस डेटाबेस, नेहमीचे जँगो आणि सर्व्हर कसा सुरू करायचा हे सांगणारी एका ओळीची फाइल एवढे पुरेसे असे. याच कंपनीतील ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या नावाने काही तत्त्वे मांडली. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड अशा स्थळानुसार बदलणाऱ्या गोष्टी आज्ञावलीत न लिहिता बाहेर, परिवेशात ठेवाव्यात, हे त्यांपैकी एक होय. ॲप्लिकेशन हलवण्याच्या दृष्टीने हे तत्त्व फार उपयोगाचे ठरले. तथापि मोफत सेवेच्या मर्यादा कडक होत्या. अर्धा तास कोणी फिरकले नाही की ॲप्लिकेशन झोपी जाई. मोफत डेटाबेसमध्ये दहा हजार ओळींची मर्यादा होती. सर्वांत फसवी बाब म्हणजे तेथील फाइली तात्पुरत्या असत. दिवसातून किमान एकदा संगणक नव्याने सुरू होई आणि चढवलेली छायाचित्रे, पावत्या किंवा एसक्यूलाइटमध्ये केलेल्या नोंदी नाहीशा होत. घरच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारे ॲप्लिकेशन तेथे दुसऱ्या दिवशी कोरे कसे झाले, हा अनेक नवशिक्यांना पडलेला प्रश्न या रचनेतून आलेला आहे. २८ नोव्हेंबर २०२२ पासून हेरोकूने मोफत सेवा बंद केली. जगभरातील विद्यार्थ्यांचे असंख्य प्रकल्प त्या सुमारास स्थलांतरित झाले वा बंद पडले.

पायथॉनपुरतीच मर्यादित असलेली पायथॉनएनीव्हेअर ही लंडनमध्ये उभी राहिलेली सेवा या प्रवाहात वेगळी उठून दिसते. ब्राउझरमध्येच आज्ञावली लिहायची, तेथेच चालवायची आणि तेथूनच प्रसिद्ध करायची, अशी तिची रीत आहे. ज्याच्याकडे स्वतःचा चांगला संगणक नाही, त्याला ती विशेष सोयीची. २०२२ मध्ये ॲनाकोंडा या कंपनीने ती विकत घेतली. तिच्या मोफत खात्यातील ॲप्लिकेशन चालू ठेवण्यासाठी खातेदाराने ठरावीक मुदतीने स्वतः येऊन मुदत वाढवावी लागते. शिकण्यासाठी ही अट क्षुल्लक आहे. पण एखाद्या दुकानाची उधारी अशा खात्यावर ठेवणे धोक्याचे ठरेल.

मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे भरलेल्या पायकॉन या पायथॉन परिषदेत सोलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या छोटेखानी भाषणात डॉकर सर्वांसमोर आणले. ॲप्लिकेशन, त्याची पायथॉन आणि त्याला लागणारे सारे सामान एकाच पेटीत बांधून ती पेटी कोणत्याही सर्व्हरवर उघडता यावी, ही त्यामागील कल्पना. बिऱ्हाड बांधून नेण्याची रीत यानंतर अधिक सुटसुटीत झाली. लहान ॲप्लिकेशनला मात्र तिची प्रत्येक वेळी गरज असतेच असे नाही.

सर्व्हर महाराष्ट्रात येतात

महाराष्ट्रात डेटा सेंटर क्लाउडच्या आधीपासून होती. २००० मध्ये सिफीने वाशी येथे व्यावसायिक डेटा सेंटर सुरू केले. २००५ मध्ये पीयूष सोमाणी यांनी नाशिक येथे ईएसडीएस ही कंपनी स्थापन केली आणि पुढे ‘एनलाइट’ ही तिची क्लाउड सेवा आली. मुंबई-पुण्याबाहेरचे एक शहर या व्यवसायाचे केंद्र होऊ शकते, हे नाशिकने दाखवून दिले. याची नोंद राज्याच्या उद्योगेतिहासात पुरेशी घेतली गेलेली नाही.

जागतिक कंपन्या नंतर आल्या. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. मध्यम व लहान ग्राहकांच्या दृष्टीने डिजिटलओशन व लिनोड या कंपन्या अधिक महत्त्वाच्या ठरतात. डिजिटलओशनने २०१३ मध्येच महिना पाच डॉलरला लहानसा सर्व्हर देऊ केला होता. २०१६ मध्ये तिचे केंद्र बंगळूरला आले. लिनोडचे मुंबई केंद्र २०१९ मधील आहे. २००६ मध्ये तीन हजार रुपयांना पडणारी गोष्ट दहा वर्षांत तीन-चारशे रुपयांच्या घरात आली होती.

अंतराचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. संग्रामपूर ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे; जाऊन येण्यास पाच मिलिसेकंदही लागू नयेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास प्रत्यक्षात सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. एका पानासाठी अशा दहा फेऱ्या झाल्या की दोन सेकंद गेले. मात्र येथे थोडे थांबावे लागते. तालुक्यातील डोंगराकडच्या गावात मोबाइलचा संकेत क्षीण असेल, तर मुंबईचा सर्व्हर आणि सिंगापूरचा सर्व्हर यांत वापरणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. गावापासून मनोऱ्यापर्यंतचे शेवटचे काही किलोमीटरच बाकीच्या सर्व अंतराला भारी पडतात. म्हणून सर्व्हर जवळ घेण्याबरोबरच पान हलके ठेवणे अधिक फलदायी ठरते.

मुंबईचे एक मुक्तस्रोत उदाहरण

पायथॉनवर उभारलेले आणि जगभर वापरले जाणारे एक वेब ॲप्लिकेशन मुंबईत घडले, ही बाब मराठी वाचकांस फारशी परिचित नाही. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने, जी पुढे फ्रॅपे या नावाने ओळखली जाऊ लागली, ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत म्हणून दिले. हिशेब, साठा, खरेदी-विक्री, पगार असे सर्व विभाग त्यात आहेत. त्याखालील फ्रॅपे हे फ्रेमवर्क पायथॉन व जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि त्याच्या नोंदी प्रामुख्याने मारियाडीबी या डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात.

होस्टिंगच्या दृष्टीने त्याचा प्रवास बोधक आहे. सॉफ्टवेअर फुकट असले तरी ते बसवणे अवघड होते, कारण डेटाबेस, रेडिस, एनजिन्क्स, गुनिकॉर्न आणि पार्श्वभूमीला चालणारी कामे हे सारे जुळवून आणावे लागे. त्यासाठी कंपनीने ‘बेंच’ हे साधन तयार केले. एका बेंचवर अनेक स्वतंत्र साइट चालवता येतात, म्हणजे एकाच सर्व्हरवर पाच दुकानांचे पाच वेगळे हिशेब राहू शकतात. पुढे कंपनीने फ्रॅपे क्लाउड ही स्वतःची होस्टिंग सेवा काढली आणि ती चालवणारी आज्ञावलीही खुली केली. २०२० मध्ये झिरोधाशी संबंधित रेनमॅटरने कंपनीत गुंतवणूक केली. ग्राहक कंपनीच्या क्लाउडवर राहू शकतो आणि नको असल्यास आपला डेटाबेस उतरवून घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर तेच सॉफ्टवेअर चालवू शकतो. ॲप इंजिनच्या वाटेने गेलेल्यांना जे मिळाले नाही, ते येथे मिळते. मुक्तस्रोताचे महत्त्व सांगताना किमतीचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. वस्तुतः सोडून जाण्याची मुभा हा त्याचा मोठा लाभ होय.

संग्राम ते संग्रामपूर

२०११ मध्ये राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’ हा प्रकल्प हाती घेतला. त्याचे संक्षिप्त नाव ‘संग्राम’ असे होते. संग्रामपूरच्या नावाशी जुळणारा हा केवळ योगायोग. ग्रामपंचायतींमध्ये संगणक आले, परिचालक नेमले गेले, दाखले संगणकावरून मिळू लागले. २०१५ च्या अखेरीस हा प्रकल्प संपला आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ ही नवी रचना आली. परिचालकांच्या मानधनाचा व सेवेचा प्रश्न त्यानंतरही वर्षानुवर्षे गाजत राहिला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राचे ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ सुरू झाले आणि पंचायतींच्या जमाखर्चाच्या पूर्वीच्या आज्ञावलींची जागा त्याने घेतली. दहा वर्षांच्या आत गावपातळीवरील नोंदवहीचे घर असे वारंवार बदलले.

नोंदी एकाच ठिकाणी ठेवण्यातला धोका राज्याने २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या आगीत अनुभवला होता. वरच्या मजल्यांवरील कागद जळून गेले. त्यानंतर फायलींच्या संगणकीकरणास वेग आला. २०१४ मध्ये केंद्राने ‘मेघराज’ या नावाने शासकीय क्लाउड सुरू केला आणि जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउडविषयीचे धोरण जाहीर केले.

तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचा सर्व्हर ठेवणे हा पर्याय भारनियमनाच्या काळात नव्हताच. ग्रामीण विदर्भात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. बॅटरीवर चालणारा संगणक पंखा फिरवण्याच्याही कामाचा नव्हता. आज विजेची स्थिती सुधारली असली तरी उन्हाळ्यातील पंचेचाळीस अंशांच्या आसपासचे तापमान आणि धूळ या बाबी कायम आहेत. त्यामुळे संग्रामपूरच्या संस्थेला भाड्याचीच जागा शोधावी लागते.

निवड आणि उभारणी

निवडीचा विचार करताना कामाचे स्वरूप प्रथम पाहावे लागते. विद्यार्थ्याचा प्रकल्प, ज्याच्या नोंदी गेल्या तरी कोणाचे नुकसान नाही, तो पायथॉनएनीव्हेअरसारख्या मोफत सेवेवर ठेवण्यास हरकत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीची माल खरेदी मात्र वेगळी. तेथे शेतकऱ्याच्या मालाचे वजन, भाव आणि येणे रक्कम असते. सोयाबीनच्या हंगामात आठवडाभर ती बंद पडली, तर पैसे अडकतात. अशा कामासाठी मुंबई वा बंगळूर येथील एक गिगाबाइट स्मृतीचा लहान सर्व्हर बहुधा पुरतो. शंभर-दोनशे माणसे दिवसभरात वापरणार असलेल्या जँगो ॲप्लिकेशनला त्याहून मोठी यंत्रणा घेणे म्हणजे बैलगाडीच्या ओझ्याला ट्रक जुंपणे होय. मोठ्या क्लाउड कंपन्यांचे शेकडो पर्यायांचे दरपत्रक नवख्याला चकवते. डिस्क, वाहतूक आणि पत्ता यांचे आकार वेगवेगळे लागतात. लहान कंपन्यांचा ठरीव मासिक दर या कारणाने अधिक विश्वासाचा वाटतो.

उभारणीची रीत गेल्या दशकात बरीच स्थिरावली आहे. लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक ॲप्लिकेशनसाठी पायथॉनचा स्वतंत्र परिवेश तयार करतात, म्हणजे एकाची ग्रंथालये दुसऱ्याच्या आड येत नाहीत. लागणाऱ्या ग्रंथालयांची नावे आवृत्तीसह एका फाइलीत लिहून ठेवतात. ॲप्लिकेशन गुनिकॉर्न चालवते. कोअरच्या संख्येची दुप्पट अधिक एक इतके कामकरी त्यास द्यावेत असा संकेत आहे, म्हणजे एका कोअरला तीन. त्याच्या पुढे एनजिन्क्स उभा असतो. तो छायाचित्रे व इतर स्थिर फाइली स्वतः देतो आणि उरलेल्या मागण्या मागे पाठवतो. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर ॲप्लिकेशन आपोआप उठावे, ही व्यवस्था सिस्टिमडीकडे सोपवतात. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र मोफत मिळते. जँगोमधील ‘डीबग’ ही खूण बंद करण्यास विसरल्यास आतील मांडणी परक्यांना दिसते, ही चूक अजूनही सर्रास आढळते.

मराठी ॲप्लिकेशनला काही अडचणी खास आपल्या आहेत आणि परदेशी मार्गदर्शनात त्यांना क्वचितच जागा मिळते. ‘संग्रामपूर’ हा शब्द युनिकोडमध्ये दहा चिन्हांचा आहे आणि यूटीएफ-८ पद्धतीत तो तीस बाइट घेतो. पायथॉनची दुसरी आवृत्ती मूळची इंग्रजी अक्षरे गृहीत धरत असल्याने अशा नावांवर ती वारंवार अडखळे. तिसऱ्या आवृत्तीने हे बदलले. तरीही सर्व्हरची भाषा काही ठरवलेली नसेल, तर २०१८ मधील ३.७ या आवृत्तीपर्यंत तोच घोळ मागील दाराने परत येई. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या आठव्या आवृत्तीपूर्वी मूळ अक्षरसंच युरोपीय होता. तो न बदलता तक्ता तयार केला की शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग जमा होई, आणि एकदा तशी साठवलेली नावे परत मिळत नसत. म्हणून पहिली नोंद करण्यापूर्वीच अक्षरसंच तपासणे श्रेयस्कर. नावे वर्णानुक्रमे लावण्यासाठी पोस्टग्रेसच्या २०१७ मधील दहाव्या आवृत्तीपासून मिळणारी आयसीयू ही सोय वापरता येते.

वेळेचाही असाच प्रश्न आहे. सर्व्हरची घड्याळे सहसा जागतिक प्रमाणवेळेवर असतात व ती आपल्याहून साडेपाच तास मागे असते. ही जुळणी न केल्यास १ एप्रिलच्या पहाटे पाच वाजता केलेली नोंद ३१ मार्चला, म्हणजे मागील आर्थिक वर्षात जाऊन पडते.

पैसे भरण्याची अडचण तांत्रिक नसली तरी तिनेच अनेकदा घात केला आहे. परदेशी कंपन्या कार्डावरून दरमहा आपोआप रक्कम घेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांविषयीचे नियम अमलात आले आणि पूर्वपरवानगीची नोंद नसलेली अशी वजावट थांबली. खातेदाराच्या बाजूने सारे व्यवस्थित असतानाही भाडे थकू लागले. रुपयांत देयक देणारी, यूपीआय वा बँकेतून आगाऊ रक्कम भरता येणारी सेवा ग्रामीण संस्थेला म्हणून सोयीची पडते. खाते कोणाच्या नावे आहे, हेही तितकेच पाहावे लागते. संस्थेच्या सर्व्हरचे खाते एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या ई-मेलवर उघडलेले असते. तो नोकरीसाठी पुण्याला जातो, मोबाइल क्रमांक बदलतो आणि सांकेतिक क्रमांक त्या बंद पडलेल्या मोबाइलवर येत राहतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर जबाबदारी टाकली आहे. खातेच संस्थेच्या ताब्यात नसेल तर ती पार पाडणे शक्य नाही.

राहता राहिला बॅकअप. रोज रात्री डेटाबेसची प्रत काढणारी दोन ओळींची आज्ञा लिहिणे कठीण नाही. ती प्रत त्याच सर्व्हरवर ठेवली तर सर्व्हरबरोबरच जाते, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या साठ्यात आणि महिन्यातून एकदा कार्यालयातील साध्या डिस्कवर ठेवावी लागते. पुढची पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते : ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून, ॲप्लिकेशन तेथे सुरू करून, मागील हंगामातील एखाद्या शेतकऱ्याची पावती उघडून पाहणे. ग्रंथालयांची यादी आणि बाहेर ठेवलेला परिवेश नीट असेल, तर या कामास एक दुपार पुरते. नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी, मृगाच्या आधी, अशी एक दुपार त्यासाठी राखून ठेवता येते.